डाकेच्या पोत्यातली हेराल्ड

निपाणीला, गळतग्यांच्या वखारीत,
तंबाखूच्या बोदांमागं ती उभी होती
चार विटांवर.
टपावर कोंबडीनं अंडं घातलेलं.

पोस्टात चौतीस वर्षं, काउंटर नंबर तीन,
त्यातले एक लाख चाळीस हजार मी मोजून दिले,
सवयीनं दोनदा.
भाऊजी म्हणाले, यात जुनी का होईना, आल्टो आली असती.
आली असती.
पण आल्टो कुठं सुसरीसारखा जबडा वासते?
हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं
आणि मकबूल नेसरगी टायरवर बूड टेकून
तिच्या घशात चहा पीत बसतो.

पहिल्या दिवशी कान लावून म्हणाला,
"जीव हाय, बाई. स्वल्प."

आरसी बुकाच्या पहिल्या पानावर म्हैसूर राज्य,
पुढं कर्नाटक.
आधी बेळगाव, मग बेळगावी.
नंतरचं सगळं बदललं तेव्हा
ती विटांवरून तसूभर हलली नव्हती.

दिवाळीनंतर रस्त्यावर आली.
टिळकवाडीच्या पहिल्या गेटात, फाटक पडायच्या घंटेवर,
नेमकी बंद.
मागनं एक ओरडला, ढकल!
दुसरा ओरडला, तळ्ळु!
तिला दोन्ही कळेना,
ती मद्रासची.
लोंड्याकडनं येणारी गाडी दिसायला लागली
तेव्हा कुठं चाकं फिरली.

मग बदलत गेले.
डायनामो काढला, ओम्नीचा अल्टरनेटर बसला.
पुढं डिस्क ब्रेक, कारण चोर्ल्याच्या उतारावर
एकदा पाय तळापर्यंत गेला
आणि मला माझ्या पेन्शनचे नॉमिनी आठवले.
वॉटर पंप कुठंच मिळेना,
तर उद्यमबागेत भैरू अनगोळकरनं
लाकडाचा पॅटर्न केला, दोन ओतीव वाया घालवले,
तिसरा दिला. आतल्या बाजूला, पाणी जिथं फिरतं तिथं,
एक बारकं 'भै'.
मी विचारलं, हे कोण बघणार?
"पाणी बघंल की."

निघालेला प्रत्येक भाग मी चिठ्ठी बांधून ठेवला,
तारीख, किलोमीटर, कुठून काढला,
जिन्याखाली, डाकेच्या जुन्या पोत्यात.
हात सवयीनं लाख शोधायचा.
चैत्रात पोतं मला एकटीला उचलेना.
रात्री जाग आली की वाटायचं
गाडी आतच आहे,
बाहेर दारात उभी आहे ती
तिची पोचपावती.

वर्ष झालं म्हणून निपाणीला नेली, दाखवायला.
नवा रंग, मोरपिशी. सीटा नव्या.
दोन सुरांचा हॉर्न, तोही मी मिरवत वाजवला.
थोरले गळतगे ओसरीवर बसलेले,
डोळ्यांत फुलं पडलेली.
म्हणाले, "कुणाची हो?"
मी सांगितलं. ते मान हलवत राहिले,
पाहुण्यांच्या बाळाला हलवतात तशी.
मग डिकीत हात घातला.
मकबूलनं वाटेत कामाला येईल म्हणून
जुना हॉर्न तिथं टाकलेला.
दोन वायरी बॅटरीला टेकवल्या.
शेळी ओरडावी तसा ओरडला, तुटक,
मधे दम खाऊन.

म्हातारा उठून उभा राहिला.
"आली," म्हणाला, आत वळून, मोठ्यानं,
"चहा टाका, गाडी आली."
आत कोणीच नव्हतं.
मग मीच आत गेले. चहा मीच टाकला.

परतताना हत्तरगीपर्यंत उन्हानं काचा तापल्या
आणि नव्या सीटांतून, कुठून कोण जाणे,
तंबाखू दरवळला.

अल्टरनेटर राहील. ब्रेकही राहतील,
मला अजून जगायचं आहे.
हॉर्न मात्र उद्या जागेवर.
मकबूल शिव्या देईल, दोन्ही भाषांत.
शिवाय डाव्या दाराचं रबर,
वायपरची मोटर,
आणि पोत्याला दुसरं पोतं.