सत्तर ग्रॅम

एफ्रेमने गाडी आणली तेव्हा कुर्टीत ऐन दुपार,
शेजारी शाबलो नायकाच्या वखारीत
काजूच्या बियांची पोती उतरत होती.
पिवळी गाडी. बुटकी.
आमच्या रॅम्पवर चढताना पोट घासलं तिचं,
फटूने धावत जाऊन खाली फळी सारली.

'नुसती बघ, आणि बरी आहे म्हण,' एफ्रेम म्हणाला.
'पाच वाजता डॉक्टर येतोय.'

मी वीस वर्षं खाणीच्या ट्रकांचे ब्रेक केले.
ड्रम उघडला की लाल धूळ, लायनरचा जळका वास,
रात्री जेवतानाही जिभेवर लोखंड.
ते ब्रेक बोलायचे. किंचाळायचे.
मरायच्या आधी आठवडाभर
सगळ्या तिस्क-उसगावला ऐकू जायचे.

हे काही बोलत नाहीत.
चाक काढलं: परातीएवढी करडी तबकडी,
मोझॅकच्या लादीसारखं ठिपक्याठिपक्यांचं अंग,
गंजाचा एक डाग नाही.
आमच्याकडे रात्री अंगणात विसरलेला कोयता
सकाळी केशरी होतो,
आणि ही, सात पावसाळे काढून, कोरी.
मला तिथंच संशय आला.
गंज निदान कबूल तरी करतो.

कडेला टवका. अंगठ्याच्या नखाएवढा.
चाक काढताना कुणीतरी आपटलंय,
'त्याला काय होतंय' म्हणत.
टवक्याच्या आत धाग्यांची टोकं उघडी,
सोडण सुटावं तशी, फक्त काळी.
बोट फिरवलं. खरखरलं.
तापून तापून आतला कार्बन जळत जातो,
वरचा चेहरा तसाच.

'जाडी माप ना, पात्रांव, जाडी मापून बघ.'
जाडी बरोबर होती.
पण या जातीच्या तबकडीवर, मधल्या बांगडीत,
बारीक आकड्यांत वजन कोरलेलं असतं:
याच्या खाली गेली की काढा.
वाचायला मला भिंग लागलं.

मग ती छातीशी धरून शाबलोच्या वखारीत नेली.
बोंडांच्या रसाने चिकट झालेला काटा.
त्याने पोतं बाजूला ओढलं,
'किलोला कसे?' विचारलं, आणि स्वतःच हसला.
लाल आकडे थरथरले. थांबले.
सत्तर ग्रॅम कमी.

सत्तर ग्रॅम म्हणजे
फटूच्या मुठीत मावतील एवढ्या बिया.
कुठे कुठे सांडल्या असतील?
चोर्ल्याच्या वळणांवर,
बांबोळीच्या उतारावर, रात्री दोनला,
पुढच्याला दाखवून देताना,
आणि मग एकदम समोर गुरं बसलेली.

केंकरे डॉक्टर आला. दातांचा.
गुडघ्यावर बसून टवका बघत राहिला,
खिशातला छोटा टॉर्च काढला सवयीने.
'हा भरता नाही येत?'
नाही, म्हटलं.
नव्या जोडीची किंमत सांगितली,
तेवढ्यात माझ्या घराचं छप्पर होऊन
वर गाईला गोठा झाला असता.
एफ्रेमने गाडीत बसून काच वर केली.

शेवटी तेवढी रक्कम तुटली सौद्यातून.
'लोखंडी बसवा,' डॉक्टर म्हणाला,
हलक्या आवाजात, मासळीबाजारात
विसवणाऐवजी तारले मागावेत तसा.
एफ्रेम अजून माझ्या दारावरून जातो,
हॉर्न वाजवत नाही.

लोखंडी बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन:
'मास्तर, रात्री हौसेनं धुतली गाडी,
आता चारही चाकांना गंज! नवे आहेत ना हे?'
मी चहाची कपबशी खाली ठेवली.
पेट्रोल पंपापर्यंत जा, म्हटलं,
वाटेत दोनदा ब्रेक दाबा, पुसून जाईल.

तो जरा थांबला.
'आवाज येईल का हो?'

येईल, म्हटलं.
येऊ दे.