घाई

लामवाका जंगलातून परत आली तेव्हा
आम्ही रीतीप्रमाणे वाटेत अंडं ठेवलं.
तिने ते अनवाणी पायाने फोडलं,
म्हाताऱ्यांनी पाणी शिंपडलं, म्हणाले, झालं.
बलक मातीत मुरला.
माझ्यात काही मुरलं नाही.

ज्या रात्री माझा ओचान नेला
त्या रात्री बंदूकवाल्यांच्या रांगेत
ती होती, असं कुणी म्हणे.
ती तेरा वर्षांची होती, कमरेला दोरी होती,
असंही कुणी म्हणे.
पहिलं मी ऐकलं.
दुसरं नुसतं कानावर पडलं.

चार वर्षं.
हापशावर ती आली की माझा डबा
अर्धा भरला असला तरी मी उचलायची.
घरापर्यंत ते अर्धं पाणी डुचमळत यायचं,
माझ्याच पाठीमागे माझीच चहाडी करत.

म्हातारा ओरिएम लुकेमे बनवतो.
तळहातांत मावेल अशी लाकडी पेटी, वर लोखंडी पट्ट्या,
दोन अंगठ्यांनी छेडायच्या.
पट्ट्या कशाच्या? मिळेल त्याच्या.
छत्रीच्या काड्या, गादीची स्प्रिंग, एकदा तर
निर्वासितांच्या छावणीतली दवाखान्याची खाट.
तापवायचं, दगडावर ठोकायचं,
सूर चढा लागला तर खालून मेण चिकटवायचं.
मेण म्हणजे, तो म्हणतो,
लोखंडाला सांगणं, बाबा, जरा दमानं.

त्याला सात जणांचा ताफा जमवायचा होता.
माझ्याकडे आला तो ओचानची सायकल मागायला.
मी शिवी हासडली.
तिसऱ्या दिवशी मागचं चाक काढून दिलं.

त्याचे स्पोक कुणाच्या पेटीत गेले
ते त्याने सांगितलं नाही.
खोदून विचारलं तर म्हणाला,
ठोकल्यावर ओळखू येत नाही.

बाजारानंतर आंब्याखाली बसायचो.
मला धाकटी पेटी मिळाली,
भुईमूग फोडून फोडून माझे अंगठे तयार आहेत म्हणून.
सगळ्यांत मोठी, जिला ताफ्याची आई म्हणतात,
ती त्याने लामवाकाच्या मांडीवर ठेवली.
मी पाठ करून बसले.
पाठीला कानांपेक्षा जास्त ऐकू येतं,
हे मला तेव्हा कळलं.

गाणं तसं फालतूच:
सासुरवाडीला जाऊन
शेळीच्या वाटणीची चवळी खाणारा जावई.
पहिल्या कडव्याला लोक हसायचे,
तिसऱ्याला सगळं कोसळायचं.
आई पळायची.
बाकीचे सहा जण मागून धापा टाकत.
सगळ्यांना कळायचं, कुणी बोलायचं नाही.
तिला काही सांगायचं म्हणजे
आधी खूप काही सांगावं लागलं असतं.

एका संध्याकाळी पुन्हा तेच.
तिचे अंगठे माझ्या पाठीवरून धावत गेले
आणि मी, मान न वळवता,
पोरीला खडसावावं तसं बोलून गेले,
घाई करू नकोस.
कुणी मागे नाहीये.

एक कोंबडी तेवढी काहीतरी टोचत होती.
ओरिएमने नाक शिंकरलं.
खूप वेळाने ती म्हणाली,
पुन्हा?
मी म्हटलं, पहिल्यापासून.

यात क्षमा वगैरे काही नव्हतं.
ठाय चुकली होती, ती मी सांगितली.
पण त्या दिवशी जावयाने सगळी चवळी संपवली,
शेळी उपाशी राहिली,
आणि आम्ही सातही जण शेवटच्या ठोक्याला
एकाच वेळी पोचलो.
ती रडली का, मला माहीत नाही.
मी पाठ करून होते.

दुसऱ्या दिवशी हापशावर ती आली.
मी दांडा मारत राहिले.
भरलेला डबा डुचमळत नाही,
नुसता जड असतो.
मान मोडायची वेळ आली घरापर्यंत.

सायकल अजून भिंतीला टेकून आहे, एका चाकावर.
ओरिएम येता-जाता तिच्याकडे बघतो,
तोंडाने काही म्हणत नाही.
पुढचं चाक
मी अजून दिलेलं नाही.