जिन्याचं वळण

तो जिना मी काढला होता.
खरं तर काढलाही नव्हता, जुन्या फायलीतून उचलून
नव्या नकाशात ठेवला होता, दुपारच्या जेवणाआधी.
रुंदी एक मीटर वीस, नियमात बसणारी.
तसलेच चौतीस जिने मग उभे राहिले
अदिस अबाबाच्या कडेला,
जिथं आधी तेफ डुलायचा.

परांच्या निलगिरीच्या वाशांच्या.
एन्टोटोच्या उतारावरून यशीमेबेत एके काळी
हीच निलगिरी पाठीवर आणायची,
कमरेत वाकून, स्वतःपेक्षा लांब मोळी.
सोडतीत तिला आठवा मजला लागला.
किल्ली घेताना म्हणाली,
"जन्मभर ओझं घेऊन उतरले,
आता ओझं घेऊन चढायचं, एवढंच ना?"

लिफ्टच्या जागी अजून नुसता खड्डा आहे,
फळ्या ठोकलेला.
फटीतून पोरं खडा टाकतात
आणि तो कधी वाजतो
ते ऐकत गप्प उभी राहतात.

पहिलं वर्षभर कुणी कुणाला ओळखत नव्हतं.
मग तिनं शेगडी दाराबाहेर मांडली,
हिरव्या बिया भाजायला घेतल्या,
आणि धूर माझ्या जिन्यातून चढला
धुराड्यातून चढावा तसा.
बाराव्या मजल्यावरचा शिंपी धावत खाली आला,
"काही जळतंय का?"
"बस," ती म्हणाली. "तिसरा कप होईपर्यंत उठायचं नाही.
तिसरा बरकतीचा."

त्या कपांतूनच इद्दिर झाली.
घरामागे महिन्याला थोडे बिर्र,
कुणी गेलं तर तंबू, बाकं, डाळीचं मोठं पातेलं
आणि रडायला माणसं.
वहीत सत्तावन्न नावं. मी तिसऱ्या मजल्यावरचा,
नावापुढं त्यांनी आपणहून 'इंजिनियर' लिहिलं.
मी खोडलं नाही.

पहिलं नाव गेबेयेहूचं होतं. तोच आधी गेला,
नवव्या मजल्यावर, पहाटे.

रिकामी पेटी तिरकी करत कशीबशी वर नेली.
भरलेली पहिल्याच वळणावर अडली.
खांदा द्यायला सहा जण होते,
जिन्यात मावत होते दोनच.
पुढं मोठं वळण असेल, कुणी तरी म्हणालं.
सगळी वळणं सारखीच आहेत
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

"उभी करा."

टेलिफोनच्या तारा जोडत
चाळीस वर्षं वाकून काढलेला गेबेयेहू
अठरा वळणं उभ्यानं उतरला.
खालचं टोक माझ्याकडे.
त्याच्या पावलांचं वजन माझ्या तळहातांवर,
मध्ये फक्त एक फळी.
"इंजिनियर, जरा डावीकडे."
"इंजिनियर, सांभाळून."
सातव्याच्या कठड्याला टेकून यशीमेबेत म्हणाली,
कुणाला उद्देशून नाही, अशीच,
"ज्यानं हे बांधलं
त्याच्या घरी कधी कुणी मेलंच नसेल."

मेलं होतं.
आई गेली तेव्हा आमचं घर बैठं होतं,
पत्र्याचं, पाऊस घरातच पडायचा.
दार इतकं ठेंगणं की सगळे वाकून आत आले.
पण अंगणात
तिची पेटी एकदाही तिरकी झाली नाही.

आता बावीस मजल्यांचं काम आलंय, सगळी काच.
साहेब म्हणाले, जिना जुनाच टाक.
खिडकीबाहेर पलीकडच्या परांचीवर
एक पोरगा लांबलचक वासा खांद्यावर घेऊन
कोपऱ्याशी आला
आणि सहज वळला. भिंती अजून झाल्या नव्हत्या.

मी चाळीस सेंटीमीटर वाढवले.

"हे कशाला?" साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं.
"बावीस मजल्यांचे किती चौरस मीटर जातात,
हिशोब केलास?"
केला होता. रात्रभर तोच केला होता.
"सोफ्यासाठी," मी म्हणालो,
"वर न्यायला अडचण होते लोकांना."

ते जरा वेळ बघत राहिले.
मग मान हलवली.
सोफा त्यांना पटला.