मागच्या पानावरचा हिशेब

आईच्या विडीवहीत पुढून कारखान्याचा हिशेब:
पत्ती किती, तंबाखू किती,
किती हजार दिले, किती छाटात गेले.
वही उलटी धरून, मागून, मी लिहिते
तिच्या उजव्या गुडघ्याचा जमाखर्च.

निपाणीत आमच्या गल्लीत सगळं हजारात मोजतात.
दर ऐकला की आई मनातच भाग देते.
"सुई म्हंजे अकरा हजार विड्या,"
कोल्हापूरच्या दवाखान्याच्या पायरीवर म्हणाली
आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

अकरा हजार. म्हणजे अकरा दिवस मांडी घालून,
मांडीवर सूप, सुपात कात्री, बोटाला दोरा.
ज्या बसण्यानं गुडघा गेला
त्याच बसण्यातून गुडघ्याची फी.
हे लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता.

सुई लागू पडली, खोटं कशाला बोलू.
चौथ्या दिवशी आई माळ्यावर चढली,
दिवाळीपासून वर पडलेला पितळी डबा काढला,
जत्राट वेशीपर्यंत चालत गेली, चालत आली,
येताना भाजीवाल्याशी भांडलीसुद्धा.
दहा आठवड्यांनी संध्याकाळी
उंबऱ्यात थबकली, कडी धरून.
"आलं परत," म्हणाली,
न कळवता पाव्हणा यावा तशी.

मग चिकोडी. सरकारी दवाखान्याची मागची खोली,
भिंतीवर कन्नड तक्ता, खाली सतरंजी,
आणि विद्याश्री मुगळखोड, वय असेल सव्वीस,
आईच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सारणारी.
दाब. धर. सोड.
बसचं तिकीट शून्य रुपये.
"शून्य बी लिही," आई म्हणाली.
लिहिलं. पण शून्याच्या बसमध्ये अर्धा दिवस जातो,
अर्धा दिवस म्हणजे चारशे विड्या,
आठ खेपांच्या बत्तीसशे.
रबरी पट्ट्याच्या सातशे.
एका खेपेला भूक लागली, दोन वडे: त्या मी धरल्या नाहीत.

पहिला महिना काहीच नाही.
वहीत: "दुखणं तेवढंच."
दुसरा: "तेवढंच. जिना उतरताना शिवी एकच."
आई चिडायची, पैसे देऊन निदान सुई तरी टोचते,
इथं आपणच राबायचं, घाम आपलाच,
आणि ती बाई नुसती मोजणार: ओंदु, एरडु, मूरु.

आता पहाटे पत्ती भिजत टाकून
आई सतरंजीवर आडवी होते आणि मोजते:
एक, दोन, मूरु, चार, ऐदु...
मध्येच भाषा बदलते, पाय खाली येत नाही.
हत्तु आला की म्हणते, "हत्ती आला, उतरा,"
आणि एकटीच हसते.

शेजारच्या शमशादखालानं तीन सुया घेतल्या.
मी तिला दोन्ही बाजू मांडून दाखवल्या, वर्षाच्या.
तिनं ऐकून घेतलं, दोरा दातानं तोडला.
"पोरीचं लगीन दहा दिवसांवर होतं.
मी पाय उचलत पडले असते
तर वरातीपुढं कोण चाललं असतं, तू?"
मी तिच्या नावाखाली लिहिलं:
तेहतीस हजार. त्यात एक वरात.

वर्ष झालं. आईच्या बाजूला
सुईचे अकरा, सतरंजीचे चार, तेही पुरते नाहीत.
गुडघा नवा झाला असं नाही.
उकिडवं बसता येत नाही, थंडीत अजून कुरकुरतो.
ती आता स्टुलावर बसून वळते, सूप दुसऱ्या स्टुलावर.
चेकर म्हणाला, "काय मॅडम!"
त्या आठवड्यात छाट जास्त निघाला, तोही खर्चात धरला.

काल दिवस उजाडायच्या आधी दार वाजलं.
शमशादखाला, काखेत स्वतःची चटई.
"किती म्हणायचं असतं?"
"पंधरा. पण तूच मोज,
माझं मधी दुसरीकडंच जातं."

दोघी आडव्या झाल्या. दोन टाचा वर.
मी आत चहा ठेवला.
तिची साखर कुठल्या पानावर लिहायची
ते अजून ठरवलेलं नाही.