अठरा सेकंद

हरीबने पहिल्याच भेटीत शिकवलं होतं:
पुरे झालं की फिंजान मनगटातून हलवायचं,
डावी-उजवीकडे, घंटेसारखं.
नाही हलवलंस तर ओतणारा ओततच राहील.
मी विसरायचो.
घोटभर पिवळसर पाणी, वेलदोड्याचा वास,
यात काय एवढं असणार!

सत्तेचाळिसावं लागलं आणि मी पळायला लागलो.
टाइल्सच्या कंपनीत हिशेब लिहिणारा माणूस,
वजन एकाहत्तर, गुडघे त्याहून वयस्कर.
मत्रहचा किनारा, मासळीबाजारापासून
रियामच्या त्या अवाढव्य पांढऱ्या धूपदानापर्यंत
आणि परत.
ऑगस्टात रात्री नऊला. तेव्हाही छत्तीस.
हवा म्हणजे न पिळलेलं फडकं.

आमच्यात विज्ञान म्हणजे दिलरुक्षी,
इस्पितळात नर्स, गॉलकडची.
तिने कुठेसं वाचलं: किलोमागे तीन मिलिग्रॅम कॅफीन,
पळायच्या तासभर आधी.
माझे दोनशे तेरा.
गुणाकार मीच केला, तेवढा माझा प्रांत.
सहा आठवडे, आठवड्याला एक पाकीट,
तिघांत औषध, तिघांत मैदा,
कशात काय ते फक्त तिच्या वहीत.
तिची स्वतःची पाकिटं कुट्टियालीने भरली,
ज्याच्या टपरीपुढे आम्ही घाम पुसायचो.
तो म्हणाला, मैद्याने माणूस पळत असता
तर माझे परोटे खाऊन तुम्ही विमानं झाला असता.

अट एकच: बाकी चहा-कॉफी बंद.
तिसऱ्या दिवशी माझ्या कपाळात
कुणी तरी फरशी कापायला बसलं.

मग कधी तरी, दुसऱ्या की तिसऱ्या पाकिटाला,
चौथा किलोमीटर आला,
जिथे मी रोज स्वतःशी भांडतो,
आणि भांडणारा आलाच नाही.
धाप होती, पण शेजारच्या खोलीत.

वही उघडली तेव्हा
माझे अठरा सेकंद कमी. हरीबचे चाळीस.
दिलरुक्षी मात्र मैद्यावरच जास्त पळाली होती.
आकड्यांकडे बघत राहिली, मग हसली:
तीन माणसं आहोत आपण,
जगाला काही सांगायला जाऊ नका.

वहीत एक रकाना नव्हता.

आठला घेतलेलं ते रात्री अडीचला
रुवीच्या खोलीत माझ्या छातीवर बसून असायचं.
एसीचे थेंब मोजून संपले.
तिकडे चार वाजले असणार, म्हणजे निवृत्ती गोठ्यात.
दोन वर्षं बोललो नव्हतो आम्ही,
वडिलांच्या मोटारसायकलीच्या कागदांवरून. हो, कागदांवरून.
मी फोन लावला.
"काय रे, आजारी आहेस?"
"नाही. झोप येईना. गोळी असेल बहुतेक."
"कसली?"
"पळायची."
बराच वेळ नुसत्या धारा बादलीत पडत राहिल्या.
मग म्हणाला, "कपिली लाथ मारतेय, थांब जरा, ठेवू नको."
मी ठेवला नाही. एक्केचाळीस मिनिटं.
कार्ड संपलं तेव्हा डेअरीची गाडी आली होती.

तीन आठवडे गेले.
तो सरळ हसलाच: "आज परत गोळी दिसतेय."
पुढच्या वेळीही अचूक.
वही उघडायच्या आधी
मैदा कुठला नि औषध कुठलं
हे संगमनेरजवळच्या एका गोठ्यात ठाऊक होतं.

प्रयोग संपलाय. पाकिटं नाहीत.
अठरा सेकंदांचं काय करावं मला सुचलेलं नाही,
सिग्नलला तेवढे तर रोजच जातात.
गोळीशिवाय पळतो, जरा हळू.
चौथ्या किलोमीटरला भांडणारा पुन्हा भेटतो,
आता त्याची सवय झालीय.
अकराला झोप लागते, गाढ, मुकी.

फक्त गुरुवारी रात्री
पळून झालं की हरीबच्या ओट्यावर बसतो.
तो ओततो, मी पितो.
तो ओततो.
तो माझ्या मनगटाकडे बघतो.
मी हलवत नाही.