पिंपात वाकलेली

स्वयंपाकघरात, रेडिओच्या वर, तो फोटो होता.
एकोणीसशे एकोणसाठ, सिग्लुफ्योर्दुरचा धक्का.
मागे डोंगर, जुलैतही बर्फाची ठिगळं लावलेला,
आणि पुढे, खारवलेल्या मासळीच्या पिंपाला कोपर टेकून
मेणकापडाचा एप्रन घातलेली एक मुलगी
तोंडभर हसतेय.
कपाळावर रुमालाची गाठ. हातात आखूड सुरी.
गालाला चिकटलेला हेरिंगचा एक खवला
चवलीसारखा चकाकतोय.

ही आई, असं आम्हाला कुणी सांगितलं
ते आठवत नाही.
सांगावं लागलंच नसेल.

मी त्या मुलीकडे बघत मोठी झाले.
आरशासमोर तिच्यासारखं हसून पाहायचे,
वरचे दात दाखवत, मान जराशी मागे टाकून.
आउस्मुंदुर म्हणायचा, हनुवटी तुझी, नाक माझं.
आम्ही भावंडांनी तिला वाटून घेतलं होतं.
आणि शेगडीपाशी उभी असलेली आई
इतकं कमी हसायची
की आम्ही मनातल्या मनात कधी बाबांना बोल लावायचो,
कधी समुद्राला,
कधी त्या हेरिंगला,
जी एका उन्हाळ्यात आलीच नाही
आणि न येऊनच अख्खं गाव घेऊन गेली.

परवा काच पुसायला फोटो खाली काढला.
आई आता शहाऐंशीची.
कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून म्हणाली,
"अगं, ही हाल्दोरा. अकुरेरीची.
भारी चटपटीत. बोलता बोलता पिंप भरायची."

मग तू?

तिनं नख टेकवलं
अगदी डाव्या कडेला,
चौकटीनं अर्धवट गिळलेल्या जागी.
एक पाठ.
डोकं पिंपात, खांदे पिंपात.
बाहेर फक्त पाठ, एप्रनची सुटलेली फीत,
आणि कुणाचे तरी, दोन मापं मोठे, रबरी बूट.

"तळाचा थर लावताना असंच वाकावं लागतं.
टाचा उचलल्या जातात. मीठ डोळ्यांत जातं.
फोटोवाला हाका मारत होता.
पण पिंपामागे पत्र्याचं एक टोकन मिळायचं,
ते बुटात टाकायचं.
माझ्या उजव्या बुटात त्या रात्री सात झाली होती."

रात्र म्हणाली ती.
फोटोत लख्ख उजेड आहे.

इतकी वर्षं बोलली का नाहीस?
"तुम्ही विचारलंत कधी?
आणि ती तुम्हाला किती आवडायची."

तेव्हापासून मी त्या पाठीकडे बघतेय.
ही पाठ तर मला पाठ आहे.
कपड्यांच्या टबावर हीच,
माझ्या बुटांच्या नाड्या बांधताना हीच,
आणि बाबांच्या बोटीचं कळलं त्या दुपारी
डीप फ्रीजरच्या तळात डोकं खुपसून
कितीतरी वेळ
काहीही न काढता
उभी होती ती हीच.
आम्ही दारात. टाचा उचललेल्या.

चौकट उघडली तर पुठ्ठ्याखाली दडलेली
दोन बोटं रुंदीची पट्टी निघाली.
तिथं कागद अजून पिवळा पडलेला नाही.
त्यात एक हात आहे,
पिंपाची कड घट्ट धरलेला,
बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या,
मीठ चिरांत शिरू नये म्हणून.

आउस्मुंदुरला फोन केला.
बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला,
मग माझं नाक कुणाचं?

मी पुठ्ठा कापला. फोटो पुन्हा बसवला,
पट्टीसकट.
खिळ्याला अडकवून दोन पावलं मागे आले,
तर पाठीमागून आई,
"सरळ कर गं जरा.
हाल्दोरा कलंडलीय."