अर्धी गोळी

रात्री फोन वाजला
की मी आधी खिडकीतून खाडी बघते.
फेरीबोट बंद असली
तर माझ्याकडे फक्त आवाज उरतो.

आज एर्सिलिओ नाउएल्किन,
लेमुय बेटावरचा, होड्या बांधणारा म्हातारा.
"डॉक्टरबाई, सेनिसा लंगडतेय.
पाय टेकत नाही. ओरडत नाही, नुसती बघते.
बायकोचा डबा काढलाय."

कुठला डबा, ते विचारावं लागत नाही.
चिलोएच्या घराघरांत तो असतो.
बिस्किटांचा, झाकण चेपलेलं,
आत मागच्या हिवाळ्यातला ताप, गुडघे, झोप,
गेलेल्या माणसाचं शिल्लक दुखणं
चंदेरी कागदात,
काही खळगे रिकामे.

"एक पांढरी आहे. सुरीनं अर्धी केलीय.
अर्ध्याची अर्धी करू?
लहान जीव आहे."

दिलीत?

"नाही अजून. हातात आहे."

मग माझा श्वास सुटतो.
खाली ठेवा, हात धुवा.
चिमूटभरसुद्धा नको, बोटाला लागलेलंही नको.
मांजर म्हणजे छोटा माणूस नव्हे, दोन एर्सिलिओ.
तुमचं यकृत ज्याची सहज वासलात लावतं
ते तिच्या रक्तावर उलटतं.
हिरड्या मातकट होतात, तोंड सुजतं,
छाती भात्यासारखी हलते
आणि हवा काही पोचत नाही.

"कापितानला दिली होती एकदा. गुडघ्याची, लाल."
वाचला कुत्रा?
"वाचला. आठवडाभर काळं हगत होता."
मग ते नशीब होतं.
त्याला औषध म्हणू नका.

तिकडे चुलीत लाकूड तडकलं.
"मग मी रात्रभर करू काय?"
खोक्यात जुना स्वेटर घाला. पाणी ठेवा.
पाय ओढून बघू नका.
श्वास बिघडला, तर लगेच फोन.
सकाळी पहिल्या बोटीनं या.
"आणि?"
बसा तिच्याजवळ.
"नुसता?"
नुसते.

मी नऊ वर्षांची असताना, अंकुदला,
मला ताप आला की आई जे द्यायची
तेच मी लोण्यात कालवलं
पिवळ्या बोक्यासाठी.
चमचा मी धरला होता. त्यानं चाटून पुसून खाल्लं.
हे मी फोनवर कुणाला सांगत नाही.

सकाळी धुक्यातून सफरचंदांचं खोकं आलं,
त्यात राखाडी, रागावलेली सेनिसा.
पंजात सायप्रसची फास,
त्याच्याच रंध्याखालून उडालेली.
चिमट्यानं काढली.
त्यानं ती खिशात टाकली, कशाला कोण जाणे.

मग डबा टेबलावर ठेवला.
"हा घरात नको आता."
उघडून बघितला. अर्धी गोळी एकटीच खुळखुळत होती.
दुसरी अर्धी?
माझ्या पोटात गोळा.

म्हातारा टोपी काढून
टक्कल चोळत म्हणाला,
"पहाटे डोकं दुखायला लागलं.
माझं."